बिनदुधाची किटली

कुंभार पिंपळगावात भुजंगरावांना, म्हणजे सगळ्यांच्या आबांना, चहा न विचारणारं घर नव्हतं. बांधाचा वाद असो, सोयरिकीची बोलणी असोत की भावाभावांतली वाटणी, लोक त्यांना बोलावत आणि ते जात. बोलणं सुरू व्हायच्या आधी चहा, अडलं की चहा, मिटलं की पुन्हा चहा. तोही म्हशीच्या दुधाचा, बशी चिकट होईल इतका गोड. नाही म्हणायची सोय नव्हती. एका भावाकडचा घेतला आणि दुसऱ्याचा टाळला, तर दुसऱ्याला वाटायचं, आबांनी निकाल आधीच लावून ठेवला.

दिवाळी झाली आणि कापसाच्या रानातून येताना भुजंगराव बांधावरच घेरी येऊन बसले. मुलगा भारत जालन्यात एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात कामाला होता, आठवडाभर तिथंच खोली करून राहायचा. तो आला आणि वडिलांना गाडीत घालून जालन्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. रक्तातली साखर फार वाढली होती. डॉक्टर शांत माणूस होते. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "दूध-साखरेचा चहा बंद. अगदीच राहवलं नाही तर गवती चहा, सुंठ, तुळस असं काही पाण्यात करून घ्या, साखरेशिवाय. गोळ्यांच्या जागी नाही बरं, चहाच्या जागी."

बाजूला बसलेल्या भुजंगरावांच्या बायकोनं, सोनूबाईंनी, सगळ्याला मान हलवली. एका गोष्टीला हलवली नाही, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

लक्षात आलं दुसऱ्या दिवशी सकाळी. सून शालूनं न्हाणीच्या पाण्यावर वाढलेल्या गवती चहाची पात कापली, पाण्यात उकळली आणि पेला सासऱ्यांसमोर ठेवला. सोनूबाईंनी तो उचलला, मागच्या दारी गेल्या आणि त्याच गवती चहाच्या बुंध्याशी ओतून आल्या.

"शालू, ह्या घरात बिनदुधाचा चहा व्हायचा न्हाई."

"आत्याबाई, डॉक्टरनीच सांगितलं ना."

"डॉक्टरचं बराबर हाये. पण मयताच्या घरचा चहा मी जित्या माणसाला पाजू का?"

रीत शालूलाही ठाऊक होती. घरात माणूस गेलं की चूल पेटत नाही. दूध तापत नाही. शेजारचं कुणीतरी पदराखाली किटली झाकून बिनदुधाचा चहा घेऊन येतं आणि भेटायला येणारे तो न बोलता घेतात. एरवी दारात कुणी कोरा चहा पिताना दिसला, तर जाणारा-येणारा थबकतो.

सोनूबाईंच्या मनात याहून खोल काहीतरी होतं. लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हा धावड्याहून, त्यांच्या माहेराहून, 'लवकर या' एवढाच निरोप आला होता. त्या एसटीतून उतरल्या. फाट्यावर चुलत भाऊ उभा होता, काही बोलला नाही. घराच्या ओट्यावर माणसं बसलेली, तीही काही बोलली नाहीत. एका बाईनं त्यांच्या हातात पेला दिला. सोनूबाईंनी पेल्यात पाहिलं. चहा काळा होता. वडील गेल्याचं त्यांना कुणी सांगितलंच नाही, चहानं सांगितलं.

भुजंगरावांना हे माहीत होतं, म्हणून त्यांनी वाद घातला नाही. बायकोनं बिनसाखरेचा दुधाचा चहा दिला. त्यांनी एक घोट घेतला, पेला खाली ठेवला, टोपी घातली आणि "जरा येतो" म्हणून बाहेर पडले. दुपारी शालू पिठाच्या गिरणीतून परतली ती बातमी घेऊनच.

"आत्याबाई, मामा स्टँडवरच्या हॉटेलात बसलेत. पेशल चहा चाल्लाय."

सोनूबाईंनी डोक्याला हात लावला. घरात साखर मोजून घालायची आणि नवऱ्यानं ती स्टँडवर जाऊन प्यायची, असं किती दिवस चालणार? आणि परत घेरी आली तर बांध जवळ असेलच असं नाही.

दोन घरं सोडून अकबरबी राहायच्या. सिराजोद्दीन मिस्त्रींची बायको. आसपासच्या गावांत लग्नाच्या भाताची मोठी देग त्यांच्याशिवाय उतरत नसे. कितीही पाहुणे येवोत, अकबरबीचा भात कधी चिकटला नाही की कच्चा राहिला नाही, असं हिंदू-मुसलमान दोन्ही घरांत सांगत. भुजंगरावांचं कळल्यावर त्यांनी वाळवलेल्या लाल अंबाडीची पाकळी मूठभर पाठवून दिली होती. कापसाच्या कडेला अंबाडी सगळेच लावतात, पण पाल्याची भाजी झाली की बोंडांकडे कुणी बघत नाही. अकबरबी ती खुडून, आतलं बी काढून, लाल पाकळी गच्चीवर वाळवून बरणीत भरत.

सोनूबाईंनी त्यातून मधला मार्ग काढायचं ठरवलं. अंबाडी घालायची म्हणजे औषध झालं, आणि दूध घालायचं म्हणजे अपशकुन टळला. त्यांनी पाणी उकळलं, पाकळी टाकली, पाणी सुरेख लालभडक झालं, आणि त्यात वाटीभर दूध ओतलं.

दूध नासलं. भांड्यात जांभळट पाण्यावर पांढऱ्या गुठळ्या तरंगू लागल्या. भुजंगरावांनी डोकावून पाहिलं आणि गंभीरपणे विचारलं, "हे प्यायचं का लावायचं?"

शालू तोंडाला पदर लावून आत पळाली. सोनूबाईंना मात्र हसू आलं नाही. आजारी माणसासाठी ठेवलेलं दूध नासावं, हे त्यांना बिनदुधाच्या चहापेक्षा वाईट वाटलं. त्या भांडं तसंच घेऊन अकबरबीच्या दारात गेल्या.

अकबरबींनी भांड्यात पाहिलं. "अगे बाई, आंबट वस्तूत दूध? तू चहा करून राह्यली का दही लावून राह्यली?"

"मंग काय करू? बिनदुधाचा माझ्याच्यानं होत न्हाई. तुला म्हाईत हाये."

"म्हाईत हाये." अकबरबी उठल्या. "बस. करू नको, नुसती बघ."

सोनूबाई पाटावर बसल्या आणि बघू लागल्या. जन्मभर चहा केलेल्या बाईला वाटत होतं, यात बघण्यासारखं काय असणार? पण होतं.

अकबरबींनी जाड बुडाच्या पातेल्यात पाणी ठेवलं. त्यात ठेचलेली सुंठ, दालचिनीचा बारका तुकडा आणि बडीशेप टाकली. पाण्याला उकळी आली, सुंठेचा वास नाकात शिरला, तशी त्यांनी गॅस बंद केला. सोनूबाईंना वाटलं, सिलिंडर संपला.

"न्हाई, न्हाई. बंदच करायचा. आता पाकळी." अंबाडीची चिमूट पाण्यावर पसरली. मग गवती चहाची लांब पात घेऊन त्यांनी ती बोटांत मुरगळली, तिची सैल गाठ मारली आणि पाण्यात सोडली. वर घट्ट झाकण. झाकणाच्या कडेनं ओल्या फडक्याची वळकटी फिरवली आणि झाकणावर खलबत्त्यातला बत्ता आडवा ठेवला.

"हे काय? बिर्याणी हाये का ही?"

"दम हाये. तुमी लोक चहाला उकळून उकळून मारता. पत्तीला चालतंय, ती मेलेलीच असती. पण हा पाला नाजूक. ह्याला उकळलं की सुगंध सगळा छपराला जातो अन् पातेल्यात ऱ्हातो कडूपणा. दम दिला की जे हाये ते आतच."

"मंग झाला हे कसं कळायचं? उघडून बघायचं?"

"उघडलं तर दम गेला." अकबरबींनी फडक्याला हाताची मागची बाजू लावली. "हे थंड होतं ना? ते असं ऊन लागाया लागलं, अंगाला सोसंल इतकं, की झालं. देगेलाबी मी हेच बघते."

फडकं ऊन झालं. अकबरबींनी झाकण उचललं आणि वास बाहेर पडला. आधी गवती चहाचा, ओल्या गवतासारखा आणि लिंबासारखा, मागून सुंठेचा. काचेच्या पेल्यात ओतलं तेव्हा सोनूबाई नुसत्या बघतच राहिल्या. डाळिंबाच्या दाण्यासारखा रंग होता. पेल्याच्या पलीकडची अकबरबीची बोटं त्यातून दिसत होती.

"काळा कुठं हाये, सांग," अकबरबी म्हणाल्या.

सोनूबाईंनी घोट घेतला. जिभेच्या टोकाला आंबट लागलं, मग घशात सुंठेची ऊब उतरली, आणि सगळं गिळून झाल्यावर कुठूनतरी बडीशेपेची गोडी आली. साखर नव्हती. तरी गोडी होती. त्यांनी पेला पूर्ण संपवला आणि तळाशी पाहिलं, तिथं काही चिकटलेलं नव्हतं.

"किती देगा उतरवल्या अन् असलं कधी बोलली न्हाई," त्या म्हणाल्या.

"तू इचारलंस कधी? आमच्यात सर्दी-पडसं झालं की हेच. लग्नाच्या पाहुण्यांनाबी जेवण झाल्यावर देते मी. खाल्लेलं पचतं."

सोनूबाईंना पटलं. तरी त्यांचं मन घराच्या उंबऱ्याशी येऊन अडलं. "अकबरबी, माझ्या गॅसवर न्हाई चढवणार मी. तू तुझ्या घरी कर अन् आणून दे. सकाळी लवकर. पदराखाली झाक, कुणी बघाया नको."

अकबरबींनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. "एका किटलीनं माझं काय जातंय? आणते." आणि शेजारणीची समजूत काढणं हे भाताला दम देण्यापेक्षा जास्त वेळेचं काम आहे हे ओळखून त्या पुढं काही बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी किटली आली. भुजंगरावांनी पहिला घोट घेतला आणि पेला उजेडात धरला.

"साखर किती घातली?"

"बिलकुल न्हाई."

"खोटं नको बोलू."

"अकबरबीला इचारा."

त्यांनी विचारलं नाही, दुसरा पेला मागितला. त्या दिवशी ते स्टँडवर गेले नाहीत. मग रोज सकाळी तेवढ्याच ओढीनं ते दाराकडे बघू लागले, आणि एखाद्याच्या घरी चहा आला तर हात जोडून म्हणू लागले, "डॉक्टरनं सगळ्यांचाच बंद केलाय बाबा, तुझा एकट्याचा न्हाई." सगळ्यांचाच बंद म्हटल्यावर कुणाची तक्रार उरली नाही. पुढच्या तपासणीत साखर उतरणीला लागली होती. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या चालू ठेवा, आणि जे बंद केलंय ते बंदच ठेवा."

सगळं सुरळीत चाललं होतं. फक्त एक गोष्ट सोनूबाईंच्या ध्यानात आली नव्हती. अपशकुन चुकवायला म्हणून त्यांनी जी पद्धत काढली होती, शेजारणीनं पदराखाली झाकून आणलेली बिनदुधाची किटली, तीच नेमकी मयताच्या घरची पद्धत होती.

थंडी वाढली. एका सकाळी भुजंगरावांना रात्रीच्या खोकल्यानं उशिरा झोप लागली होती. एरवी ते उजाडताच ओट्यावर बसलेले असत. आज ते आतल्या खोलीत पलंगावर, गारठा लागू नये म्हणून डोक्यावरून चादर ओढून, सरळ पडले होते. झोपू द्यावं म्हणून सोनूबाईंनी शालूला भांडी वाजवू नको सांगितलं होतं आणि गॅसही पेटवला नव्हता. अकबरबी किटली ठेवून गेल्या. सोनूबाईंनी स्वतःपुरता एक पेला ओतून घेतला आणि पलंगाच्या पायथ्याशी जमिनीवर बसल्या.

भागवत त्याच वेळी दारावरून चालला होता. भुजंगरावांचा जुना सोबती. त्यानं अकबरबीला पदराला हात पुसत परतताना पाहिलं. ओटा रिकामा दिसला. दार उघडं होतं, त्यानं आत डोकावलं. चादर. पायथ्याशी वहिनी. बाजूला अकबरबीची किटली. हातात बिनदुधाचा चहा. भागवत काही विचारणार तोच सोनूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

भागवतनं डोक्यावरची टोपी काढली आणि आल्या पावली मागं फिरला.

सोनूबाईंना वाटलं, भला माणूस, झोपमोड नको म्हणून गेला.

भागवतनं आधी भारतला फोन लावला. "लवकर निघ. फोनवर सांगता येत न्हाई," एवढंच बोलला आणि रडू येईल म्हणून फोन ठेवला. मग गल्लीत सांगितलं. थोड्या वेळात माणसं येऊ लागली. कुणी बोलत नव्हतं. पुरुष टोप्या काढून ओट्यावर बसले. बायका आत येऊन भिंतीला टेकल्या. सगळ्यांत शेवटी गल्लीतली सगळ्यांत थोरली गोजरबाई काठी टेकत आली, उंबऱ्यात थांबली आणि तिनं पदर डोळ्याला लावला.

सोनूबाई पेला हातात धरून बसल्या होत्या. त्यांनी एकेका चेहऱ्याकडं पाहिलं. कुणीच बोलत नव्हतं. त्यांनी पेल्याकडे पाहिलं. आतल्या खोलीत उजेड कमी होता. त्या अंधारात अंबाडीचा लाल रंग काळा दिसत होता.

ओट्यावर माणसं बसलेली. कुणी काही सांगत नाही. हातात पेला.

त्यांना धावडा आठवला. पलंग हातभर अंतरावर होता. हात पुढं करून चादर ओढावी, एवढंच काम होतं. त्यांच्याच्यानं ते होईना. पेला मात्र कलला आणि चहा बोटांवर सांडला.

"माझ्या आबा रे!" गोजरबाईनं सूर लावला.

चादर फेकली गेली. भुजंगराव ताडकन उठून बसले, दचकून सगळ्यांकडं पाहिलं, आणि उशाची टोपी चाचपत म्हणाले, "कोण गेलं? थांबा, मीबी येतो."

मग ओट्यावर कुणीतरी फुसकन हसलं आणि पाठोपाठ सगळी गल्ली हसू लागली. भागवत भिंतीला पाठ लावून खाली बसला. त्याला हसावं की रडावं कळत नव्हतं, आणि तो दोन्ही करत होता.

"अरे, वहिनी बिनदुधाचा चहा घेऊन बसलेली! किटली शेजारून आल्ती! मी काय समजायचं?"

"म्हणून तू मला पोचवायला आल्ता का?" भुजंगराव म्हणाले. "निदान हलवून तरी बघायचं रे. सरपण सांगितलं का न्हाई अजून?"

भागवतनं मान खाली घातली. सांगितलं होतं. आणि, त्यानं हळूच कबूल केलं, भारतलाही फोन केला होता.

सगळे हसत होते, सोनूबाई हसत नव्हत्या. बोटांवरचा चहा त्यांनी पुसलाही नव्हता. अकबरबी गडबड ऐकून पळत आल्या होत्या, दारातच उभ्या राहिल्या. आपल्याच किटलीनं हे घडवलं हे त्यांना कळलं होतं. "सोनूबाई," त्या हळूच म्हणाल्या, "उद्यापासून न्हाई आणत मी."

गोजरबाई पलंगाच्या कडेवर टेकली होती. ती आता डोळे पुसून मिस्कील झाली होती. "कामून न्हाई? अगं, जित्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी उठली की त्याचं आयुष्य वाढतं. हे तर अख्ख्या गावात उठलं. म्हातारा आता आपल्या सगळ्यांना पोचवून मंग जातो बघ."

सोनूबाईंनी वर पाहिलं. "खरं का, गोजरबाई?"

"माझ्याबद्दल दोनदा उठली. बघ, बसलेय ना समोर."

सोनूबाईंनी पेला खाली ठेवला. हा नेमही त्यांनी लहानपणापासून ऐकलेला होता. बिनदुधाच्या चहाचा जितका खरा, तितकाच हा खरा. आणि ही बातमी उठवली कुणी? त्याच चहानं. त्या उठल्या, हात धुतले आणि स्वयंपाकघरात जाऊन मोठं पातेलं काढलं.

"शालू, गवती चहा काप. जास्ती काप, पुष्कळ माणसं हायेत. भारतला फोन लावला का? बापाचं सांग त्याला."

"लावून राह्यले, आत्याबाई. उचलत न्हाईत. गाडीवर असतील."

सोनूबाईंचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी गॅस पेटवला. त्यांच्या हातानं पहिल्यांदाच बिनदुधाचा चहा गॅसवर चढला. त्यांनी सुंठ ठेचली. उकळी येताच गॅस बंद केला. अकबरबी उंबऱ्यातून बघत होत्या. पाकळी पसरली, पातीला गाठ मारली, झाकण ठेवलं, ओलं फडकं कडेनं फिरवलं. बत्ता ठेवला. आणि हाताची मागची बाजू फडक्याला लावून सोनूबाई उभ्या राहिल्या. बाहेर आवाज वाढला तरी हात हलला नाही.

"झाला का?" शेवटी त्यांनी विचारलं.

"मला कामून इचारतेस?" अकबरबी म्हणाल्या. "हात तुझा हाये."

सोनूबाईंनी झाकण उचललं. वास ओट्यापर्यंत गेला, तशी बोलणारी माणसं गप्प झाली. पेले भरले. उन्हात आले तेव्हा सगळ्या ओट्यावर लाल ठिपके पडले. माणसं जपून घोट घेऊ लागली, मग मोठे घोट घेऊ लागली. भागवतनं पेला फिरवून पाहिला.

"वहिनी, चमचाभर साखर?"

"भाऊजी, तुमी मयताला आल्ते ना? मंग गोड कशाला मागून राह्यले?"

ओटा पुन्हा हसला. सगळ्यांत मोठ्यानं भुजंगराव हसले. भागवतनं निमूट घोट घेतला, थांबला, आणि अकबरबीकडं बघून म्हणाला, "हे लग्नातबी देता म्हणे तुमी? मी कामून कधी राह्यलो न्हाई शेवटपर्यंत?"

"तुमी जेवले की पळता," अकबरबी म्हणाल्या.

सोनूबाई मात्र ओट्यावर बसल्या नव्हत्या. पातेल्यात त्यांनी एक पेला राखून झाकून ठेवला होता आणि त्या रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. जालन्याकडून, घनसावंगीच्या बाजूनं, एक मोटारसायकल वळणावर आली. भारत गल्लीच्या तोंडाशीच थांबला. त्याला ओट्यावर बसलेली माणसं दिसली. त्याला हेल्मेट काढता येईना, पट्टा बोटांत सापडेना. तो उतरला तसा गाडीचा स्टँडही नीट लागला नाही आणि गाडी भिंतीला टेकली.

सोनूबाई आत वळल्या, पेला घेतला आणि जवळजवळ पळतच त्याच्याकडं गेल्या. भारतनं पेल्याकडं पाहिलं, मग आईकडं.

धावड्याला त्यांच्या हातात पेला देणारी बाई काही बोलली नव्हती. सोनूबाईंनी पेला मुलाच्या हातात दिला आणि आधी बोलल्या, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

"कोणी गेलं न्हाई, बाळा. बाप तुझा ओट्यावर बसलाय, भागवतला शिव्या देऊन राह्यलाय. पी. मी केलाय."